सिंगापूरचा रविवार

परदेशी जाऊन आलेल्या बाईला आपल्या गावात पहिला प्रश्न येतो तो ‘काय काय आणलंत?’ आणि दुसरा, ‘जेवणाचं काय केलंत?’ दोन्हींची उत्तरं ओघात येतीलच. पण ज्या गोष्टीबद्दल मला कुणीच विचारलं नाही, आणि जी मी आल्यापासून मनातून काढू शकलेले नाही, ती आज इथे लिहिते आहे.

आमचं सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आमचे हे शाळेत शिक्षक, मी घर सांभाळून बचत गटांचं काम करते. पाच वर्षं दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत गेलो आणि गेल्या मे महिन्यात सहा दिवसांसाठी सिंगापूरला जाऊन आलो. आम्ही दोघं, कॉलेजात शिकणारी लेक, नववीची परीक्षा दिलेला मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या आमच्या सासूबाई. सिंगापूरच का, तर माझ्या नणंदेचा मुलगा तिथे नोकरीला आहे. परक्या मुलखात आपलं माणूस असलं की धीर येतो.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या मावशी (तेरा वर्षं आमच्याकडे धुणं-भांडी करताहेत) म्हणाल्या, “ताई, तुम्ही सहा दिवस न्हाई, तर मी पंढरपूरला लेकीकडं जाऊन येऊ का?” मी बॅगेत कपडे कोंबत होते. तशीच म्हणाले, “अहो मावशी, मे महिना आहे, कुंड्यांना पाणी कोण घालणार? तेवढं रोज येऊन बघा की.” त्या ‘बरं’ म्हणाल्या. मी चेन ओढून बॅग बंद केली आणि ते बोलणं विसरूनही गेले.

जेवणाचं म्हणाल तर दोन डबे कडक भाकरी, शेंगाचटणी, लाडू आणि मेतकूट. आठ-आठ दिवस टिकणारी आपली कडक भाकरी विमानात बसायला जणू जन्मालाच आलेली आहे! मुंबईहून साडेपाच तासांचं उड्डाण. उतरलो तर घड्याळ अडीच तास पुढे करावं लागलं. तिथे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि पास ई-मेलवर येतो. सासूबाई हिरमुसल्या. “मग आपण येऊन गेलो याचा पुरावा काय?” त्यांचा प्रश्न काही चूक नव्हता.

सगळा देश आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या जेमतेम विसाव्या भागाएवढा, आणि त्यात साठ लाख माणसं. पण दाटी जाणवत नाही ती झाडांमुळे. मला सगळ्यांत काय आवडलं असेल, तर खरं सांगते, हसू नका, दोनच गोष्टी. सार्वजनिक स्वच्छतागृहं आणि नळाचं पाणी. प्रवासात बाईमाणूस पाणी कमी पिते ते का, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. इथे दर स्टेशनात, मॉलमध्ये, बागेत स्वच्छ, दाराला कडी असलेली स्वच्छतागृहं होती. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायला सुरुवात केली. तेही नळाचं, थेट बाटलीत भरून. ज्या देशाला स्वतःचं पाणी पुरत नाही, मलेशियातून आणावं लागतं आणि वापरलेलं पाणीसुद्धा शुद्ध करून पुन्हा वापरावं लागतं, तिथे नळ सोडला की पाणी हजर. नळाच्या वेळा पाठ करून जगणारी मी त्या नळाकडे दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिले.

पहिल्या दिवशी आम्ही मरलायन पाहिला. वर सिंहाचं तोंड, खाली माशाचं अंग, उंची साडेआठ मीटरच्या वर, आणि तोंडातून पाण्याची धार. १९७२ मध्ये उभारलेली ही मूर्ती २००२ मध्ये उचलून आत्ताच्या जागी आणली. सगळे त्या धारेखाली तोंड उघडून उभं राहिल्यासारखा फोटो काढतात, आम्हीही काढला. संध्याकाळी ‘गार्डन्स बाय द बे’. लोखंडी सांगाड्यांवर वेली चढवून केलेली पंचवीस ते पन्नास मीटर उंचीची झाडं आणि पावणेआठला त्यांच्यावर दिव्यांचा खेळ, फुकट! लोक सरळ फरशीवर आडवे होऊन बघत होते. नऊवारी आणि पायांत कॅनव्हासचे बूट अशा आमच्या सासूबाईही पदर नीट करून आडव्या झाल्या. “लग्नात मांडवाखाली झोपले होते, त्यानंतर आज,” म्हणाल्या.

आणि मी? दिवसभर हिंडून हॉटेलवर आलं की हे टीव्ही लावायचे, मुलं मोबाइल घ्यायची, आणि मी बाथरूममध्ये सगळ्यांचे मोजे आणि बनियन धूत बसायचे. हॉटेलच्या धुलाईचे दर पाहून डोळे पांढरे झाले होते. एका डॉलरला साधारण पासष्ट रुपये, असा हिशेब डोक्यात सतत चालू. दोरी मी घरूनच नेली होती. खिडकीपासून कपाटापर्यंत बांधली आणि सिंगापूरच्या आठव्या मजल्यावर आमचं वाळवण घातलं.

शनिवारी चायनाटाउन. नावावरून वाटेल सगळं चिनी, पण तिथल्याच रस्त्यावर मरिअम्मनचं देऊळ आहे, १८२७ साली स्थापन झालेलं, सिंगापुरातलं सगळ्यांत जुनं हिंदू देऊळ. गोपुरावर देवादिकांची नि गायींची रंगीत गर्दी. सासूबाईंनी नाव ऐकलं आणि म्हणाल्या, “मरिअम्मा म्हणजे आपली मरीआईच की!” रोगराईपासून राखणारी म्हणून तमिळ मजुरांनी बरोबर आणलेली देवी आणि आपल्या वेशीवरची मरीआई, दोघींचं काम एकच. त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक रुपयाचं नाणं काढून पेटीत टाकलं. “तिला चालतंय,” म्हणाल्या.

तिथून चालत मॅक्सवेल नावाच्या खाद्यबाजारात गेलो. अशा ठिकाणांना तिकडे हॉकर सेंटर म्हणतात. एकाच छपराखाली शंभरेक लहान गाळे, मधे टेबलं. या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत मान मिळाला आहे. टेबल पकडायची पद्धत फार गमतीची. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांची पुडी ठेवायची आणि खुशाल जेवण आणायला जायचं. कुणी हात लावत नाही. आपण एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसंच! मुलांनी चिकन-राइस खाल्ला, आम्ही भाकरी-चटणी आणि वर लिंबू पिळलेला उसाचा रस. ऊस म्हटल्यावर ह्यांनी दोन ग्लास घेतले.

आता लक्ष देऊन वाचा. जेवण झालं आणि आमचे हे उठले, स्वतःचा ट्रे उचलला, माझाही उचलला आणि लांबच्या मांडणीवर नेऊन ठेवून आले! लग्नाला बावीस वर्षं झाली, ताटावरून उठताना बोट लावलेलं मी पाहिलेलं नाही. झालं होतं असं की, २०२१ पासून तिथे आपापले ट्रे उचलणं बंधनकारक आहे. पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केलं तर दंड. तशी पाटीच होती. “बाबा, दंडाच्या भीतीने का होईना,” लेक म्हणाली. हे हसले. मी काही बोलले नाही, पण मनात नोंद केली.

टेबलं पुसणारी बाई मात्र सासूबाईंच्या वयाची होती. पाठीत वाकलेली, हातात फडकं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सासूबाईंनी पिशवीतला लाडू पुढे केला. तिने आधी हात हलवला, मग घेतला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

जवळच एका सरकारी इमारतीपुढे बायकांचे पुतळे आहेत. डोक्याला फडकी बांधलेल्या, बांधकामावर राबणाऱ्या बायका. लेकीने फोनवर वाचून सांगितलं की या समसुई बायका. चीनच्या ग्वांगडाँग भागातून १९२०-३० च्या सुमारास आणि नंतरही आल्या, डोक्यावर लाल फडकं बांधून माती-विटा वाहिल्या, या शहराच्या पायाभरणीत घाम गाळला. बऱ्याच जणी गावाकडे पैसे पाठवत राहिल्या आणि एकट्याच म्हाताऱ्या झाल्या.

सासूबाई त्या पुतळ्यापाशी थांबल्या, आणि सहज, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या, “मी बी होते की अशी. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला.”

आम्ही सगळे थांबलो. ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं! नवीन लग्न झालेलं, घरात दाणा नाही, म्हणून सासू-सून दोघी रस्त्याच्या कामावर जायच्या. खडीचे ढीग मोजून मजुरी, सुकडी वाटायचे ती खायची, आणि लाल मिलोची भाकरी. पुढे घराला बरे दिवस आले, मुलगा मास्तर झाला, आणि हा विषय घरात कुणी काढलाच नाही. “त्यात सांगण्याजोगतं काय होतं?” म्हणाल्या. मी बचत गटाच्या बायकांना ‘आपली गोष्ट सांगा’ म्हणून आग्रह करत हिंडणारी, आणि घरातली गोष्ट कळायला मला बावीस वर्षं आणि एक विमानप्रवास लागला.

संध्याकाळी भाच्याच्या घरी जेवायला गेलो. दोघंही नोकरी करतात, चार वर्षांचा मुलगा आहे, म्हणून कामाला इंडोनेशियातली एक बाई ठेवली आहे. तिचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथे घरकामाला येणाऱ्या परदेशी बाईला मालकाच्या घरातच राहावं लागतं, तसा नियम आहे. तिने आम्हाला वरण-भात, बटाट्याची भाजी आणि गरम पोळ्या वाढल्या. पोळ्या! भाचेसुनेने शिकवल्या म्हणे. सासूबाईंनी पोळी उलटून पाहिली, “पदर सुटलेत,” असं प्रमाणपत्र दिलं. ती सासूबाईंना ‘नेनेक’ म्हणत होती. त्यांच्या भाषेत नेनेक म्हणजे आजी.

स्वयंपाकघराला लागून तिची खोली होती. जाड लोखंडी दार, खिडकी नाही. भाचा म्हणाला, “मामी, हा घरातला बॉम्ब शेल्टर आहे. १९९७ च्या कायद्यापासून नव्या घरांत अशी खोली ठेवावी लागते. युद्ध झालं तर आसरा.” बऱ्याच घरांत हीच खोली कामवालीला देतात. आत पलंग, पंखा, भिंतीवर तिच्या मुलाचा शाळेच्या गणवेशातला फोटो. मला त्या दारात उभं राहवेना. भाचेसुनेच्या ते लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, “जागा नाही हो मामी दुसरी.” यावर मी काय बोलणार? आमच्या मावशी तेरा वर्षांत आमच्याकडे जेवल्या असतील, तर ओट्यापाशी उभ्यानं.

निघताना मी म्हटलं, “उद्या रविवार, या सगळे हॉटेलवर.” भाचेसून म्हणाली, “दुपारी बाहेरच भेटू या मामी. उद्या घरात स्वयंपाक नाही, हिची सुट्टी असते.”

“सुट्टी? दर रविवारी?”

“दर रविवारी. सकाळी नऊला जाते, रात्री येते. उद्या बोटॅनिक गार्डनला जाणार आहे, मैत्रिणीचा वाढदिवस आहे.”

आम्हालाही रविवारी तिथेच जायचं होतं. १८५९ पासूनची बाग, २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेली, आणि प्रवेश फुकट. फक्त आतल्या ऑर्किड बागेला तिकीट आहे. ते मात्र काढाच. पिवळ्या कमानींखालून चालताना मी हिशेब करणं विसरले, यावरून काय ते समजा. सिंगापूरचं राष्ट्रीय फूलही ऑर्किडच आहे, जांभळट गुलाबी. त्याचं नाव एका बाईवरून ठेवलेलं. अ‍ॅग्नेस जोकिम ही सिंगापुरात राहणारी आर्मेनियन बाई, तिने आपल्या घरच्या बागेत हा संकर फुलवला आणि १८९३ मध्ये त्याची शास्त्रज्ञांनी नोंद घेतली. पुढे कित्येक वर्षं काही जाणकार म्हणत राहिले की, तिला ते फूल बागेत आपोआप उगवलेलं सापडलं असेल. १९८१ मध्ये ते राष्ट्रीय फूल झालं आणि ते तिनेच जाणूनबुजून घडवलं होतं हे नंतर मान्य झालं. घरात राबणाऱ्या बाईने केलेलं काम ‘आपोआप झालं’ असं म्हणायची रीत तिकडेही आहे तर!

ऑर्किड पाहून बाहेर हिरवळीवर आलो आणि थबकलो. झाडाझाडाखाली चटया. प्रत्येक चटईवर सात-आठ बायका, नटलेल्या, डबे उघडलेले, कुणी केस विंचरते आहे, कुणी नाचाचा व्हिडिओ करते आहे, कुणी फोनवर लांबच्या लेकराला ‘बघ, बघ’ म्हणून झाड दाखवते आहे. इंडोनेशियाच्या, फिलिपिन्सच्या, म्यानमारच्या. काही आपल्याकडच्याही असणार, कारण भारतातूनही बायका तिकडे घरकामाला जातात. अडीच लाखांहून जास्त परदेशी बायका या शहरातली घरं सांभाळतात. आठवडाभर त्या दिसत नाहीत. रविवारी दिसतात.

“नेनेक!” हाक आली. मी ओळखलंच नाही. काल साध्या टी-शर्टमध्ये पोळ्या लाटणारी ती आज अबोली रंगाचा लांब झगा, डोक्याला त्याच रंगाचा रुमाल, ओठांना लाली. तिने सासूबाईंचा हात धरून त्यांना चटईवर बसवलं. केळ्याची भजी पुढे केली, मांस नाही असं हाताने खुणावून सांगितलं. आम्ही लाडू काढले. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, तिचं कामापुरतं, मधे लेक. तरी तासभर गप्पा झाल्या. तिचं गाव जावा बेटावर. मुलगा आठ वर्षांचा, आईजवळ. दोन वर्षांनी एकदा भेटतो. पहिले काही महिने पगार हातात फार थोडा आला, एजंटचे पैसे फेडण्यात गेला. आता घराच्या भिंती उभ्या झाल्या, छप्पर व्हायचं आहे. फोनमध्ये भिंतींचे फोटो होते. नवऱ्याचा नव्हता, आणि मी विचारलं नाही.

ही सुट्टी काही पूर्वापार नाही हेही तिच्याकडून आणि मग भाचेसुनेकडून कळलं. २०१३ पासून तिथे आठवड्याला एक सुट्टी कायद्याने आली. पण त्यातही पळवाट होती, बाईच्या संमतीने सुट्टीऐवजी पैसे देता यायचे. आता मालकिणीसमोर ‘नको’ कोण म्हणणार? कित्येक जणींचे सगळेच्या सगळे रविवार असे विकत घेतले जायचे. म्हणून २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैशांवर मिटवता येत नाही, ती द्यावीच लागते. चटईवरची एक मुलगी म्हणाली, तिला तेवढी एकच मिळते, आणि तिच्याच वाढदिवसासाठी सगळ्या त्या दिवशी जमल्या होत्या.

मी सिंगापूरचं कौतुक करते आहे असं समजू नका. तिथे घरकाम करणाऱ्या बाईला नोकरीचा सर्वसाधारण कायदा लागू नाही, किमान वेतन नाही. दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते आणि त्यात ती गरोदर तर नाही ना, हे बघतात. उंच इमारतींच्या खिडक्या बाहेरून पुसताना पडून बायकांचे जीव गेले, तेव्हा कुठे २०१२ मध्ये त्यावर निर्बंध आले. हे सगळं आहे. पण ती चटईही आहे. त्या दिवशी ती कुणाची कामवाली नव्हती, पाहुण्यांना भजी देणारी यजमानीण होती.

रात्री हॉटेलवर मी मोजे धूत होते. सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“अगं, आमच्या दुष्काळी कामावर बी बाजाराच्या दिवशी सुट्टी असायची. त्या दिवशी मजुरी वाटायचे, आन् आम्ही बाजार करायचो.”

“हो का?” मी म्हटलं.

“मावशीचा बाजार कुठल्या वारी असतो गं?”

माझे हात पाण्यातच राहिले. तेरा वर्षं. दिवाळीला साडी, आजारपणात औषध, मुलीच्या लग्नात मदत, सगळं केलं. महिन्याला दोन खाडे ‘चालवून’ घेतले, तिसऱ्याला तोंड वाकडं केलं, आणि लेकीच्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा आठ दिवसांचे पैसे कापले. दर आठ मार्चला मी माइकवरून बाईच्या श्रमाला मोल नाही म्हणून बोलते. टाळ्या पडतात. त्या दिवशीही मावशी येऊन भांडी घासून गेलेल्या असतात. आणि सहा दिवस आम्ही नसताना त्या बिचाऱ्या रोज उन्हात येऊन माझ्या कुंड्यांना पाणी घालत होत्या! मी तिथून फोन लावायला घेतला, पण आपल्याकडे किती वाजलेत त्याचा हिशेब चुकला म्हणा, की धीर झाला नाही म्हणा, ठेवून दिला.

बाकी दोन दिवस सेंटोसा बेट, प्राण्यांना रात्री बघायची नाइट सफारी, आणि लिटल इंडियातली खरेदी. काय आणलं, तर चॉकलेटं, वेदनाशामक बाम आणि मरलायनची सहा किल्ल्यांची कडी. मावशींसाठी छत्री.

घरी येऊन मी थोडी चौकशी केली. आपल्याकडे घरकामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, त्यातून कल्याण मंडळ आलं, नोंदणी आणि योजना आल्या. आठवड्याच्या सुट्टीचा हक्क त्यात नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी ठराव केला, त्यात आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती लिहिली आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण तो स्वीकारून स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही, सिंगापूरनेही नाही. पुण्यात मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. तालुक्याच्या गावात तेही नाही. इथे सगळं मालकिणीच्या मनावर.

मी मावशींना म्हटलं, “मावशी, आता रविवारी यायचं नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. “काय चुकलं ताई? दुसरी बघितली का?”

नाही म्हटलं, पगार तेवढाच, सुट्टी. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “बाकीच्या चार घरी जावंच लागतंय की. मग तुमचं एक घर सोडून काय उपयोग?” बरोबरच होतं त्यांचं. चार घरांत सुट्टी नसेल, तर पाचव्या घराची सुट्टी म्हणजे फक्त अर्धा तास लवकर सुटका.

मग त्या चारही घरी मी गेले. दोघी ओळखीच्या, एक बचत गटातलीच. चहा झाला, सिंगापूरचे फोटो झाले, विषय काढला, आणि वातावरण बदललं. एक म्हणाली, “रविवारीच तर पाहुणे असतात हो.” दुसरी म्हणाली, “तुम्ही परदेशी जाऊन येता आणि आमच्या बायका बिघडवता.” गटातली मात्र काही न बोलता उठली आणि कॅलेंडर घेऊन आली. शेवटी दोघी तयार झाल्या, एक रविवार सोडून रविवार म्हणाली, एक अजून ‘बघू’वर आहे. गटाच्या बैठकीत हा विषय घेतला तेव्हा आमच्यातल्याच तिघी-चौघी, ज्या स्वतः धुणं-भांडी करतात, गप्प बसून ऐकत होत्या. त्यांना बोलतं करायला हवं होतं, पण मालकिणी समोरच बसलेल्या. पुढची बैठक त्यांची वेगळी घ्यायची ठरवलं आहे.

आणि आमच्या घरी? रविवारची भांडी ह्यांनी आणि चिरंजीवांनी वाटून घेतली आहेत. पहिल्या रविवारी कढई तशीच राहिली, दुसऱ्या रविवारी एक पेला फुटला. मी उठले नाही. लेकीने ओट्यावर पाटी लावली आहे, ‘पहिल्यांदा ताकीद, नंतर दंड’.

परवाच्या रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात मावशी. इस्त्रीची साडी, केसांत गजरा, हातात ती छत्री. मी म्हटलं, “अहो, आज कशाला आलात?”

“कामाला न्हाई,” त्या म्हणाल्या. “आजी म्हणत होत्या, तिकडच्या बायकांचे फोटो हायत. बघाय आले.”

सासूबाईंनी सरकून सोफ्यावर जागा केली. मावशी आधी खाली बसायला निघाल्या, सासूबाईंनी हात धरून वर ओढलं. मी चहा टाकला. आतून ऐकू येत होतं, “ही कोण? आन् ह्या सगळ्या कामवाल्याच? एवढ्या नटून?”

चहा नेऊन दिला तर मावशींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “ताई, साखर विसरलात.”